राजीनामा द्यायचा, पण कसा?

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. रात्रीचे सव्वादहा वाजले असतील. पुण्याहून भाच्याचा फोन आला. आवाज चढलेला होता. "मामा, मी उद्या राजीनामा देतोय. आईला तुम्हीच सांगा, माझ्याच्यानं होणार नाही."

नोकरीला लागून त्याला अवघे सात महिने झाले होते. सोलापुरात शिकलेला, घरातला पहिला अभियंता. नोकरी लागली तेव्हा बहिणीने गल्लीभर पेढे वाटले होते. आता तिला काय सांगायचं, हा त्याच्याइतकाच माझ्याही पुढचा प्रश्न होता.

मी त्याला एवढंच म्हणालो, "उद्या देऊ नकोस. शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने इकडे ये. शनिवारी बसून बोलू. सोमवारीही द्यावासा वाटला, तर मी स्वतः तुझ्या आईला सांगतो."

त्याला थांबवायचा मला काय अधिकार, असं कुणी विचारेल. अधिकार एकच, मी स्वतः ही चूक केली आहे. १९९१ साली मी बावीस वर्षांचा होतो आणि इथल्याच एका गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. गिरणीचं नाव सांगत नाही. एके दिवशी साहेबांनी चारचौघांत माझ्या अंगावर हजेरीपुस्तक फेकलं. त्याच दुपारी मी चार ओळींचा राजीनामा लिहून दिला आणि छाती पुढे काढून घरी आलो. वडील गिरणीतच जॉबर होते. ते रागावले नाहीत. जेवताना फक्त म्हणाले, "पुढल्या महिन्यात वाण्याचं बिल कोण देणार, एवढं ठरवलंयस ना?"

मी काहीच ठरवलेलं नव्हतं. पुढची नोकरी मिळायला दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात धाकट्या बहिणीचं जुळत आलेलं लग्न पुढे ढकलावं लागलं. ती मला कधी एका शब्दाने बोलली नाही. आज तिचाच मुलगा मला फोन करत होता.

या गोष्टीला एक शेपूट आहे. चार-पाच वर्षांनी ती गिरणीच बंद पडली. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली तेव्हापासून ज्या भोंग्यांवर हे शहर उठत-झोपत होतं, ते भोंगे एकेक करून थांबले. भल्याभल्यांनी नोकरी सोडली नाही, पण नोकरीने त्यांना सोडलं. म्हणजे गिरणी सोडण्याचा माझा निर्णय चुकीचा होता असंही म्हणता येत नाही. सोडण्याची रीत चुकली, आणि तिची किंमत माझ्यापेक्षा घरच्यांनी मोजली.

म्हणून पहिल्या-दुसऱ्या नोकरीत असलेल्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना मी सांगतो, की 'सोडू की नको' हा प्रश्न रात्री दहाला फोनवर सुटत नाही. त्याचे लहान लहान भाग करावे लागतात.

पहिला भाग, त्रास नेमका कशाचा आहे? माणसाचा, कामाचा की जागेचा? तिन्हींची औषधं वेगळी आहेत. वरिष्ठ खडूस असेल तर विभाग बदलून मिळतो का ते पाहावं. कामच नकोसं असेल तर कंपनी बदलून उपयोग नाही, तेच काम तिथेही असणार. आणि परक्या शहरातली खोली, मेसचं जेवण, एकटेपणा यांनी जीव उबगला असेल, तर दोष नोकरीच्या माथी मारून भागत नाही.

शनिवारी मी भाच्याला एक वही दिली. महिनाभर रोज रात्री दोन ओळी लिही, म्हटलं. आज काय खटकलं, कुणामुळे खटकलं. महिन्याने वही घेऊन आला. कामाचे दिवस बावीस. त्यांतले नऊ दिवस वाईट गेले होते. नवांपैकी सहा वेळा कारण एकच, संध्याकाळी घरी निघताना नवं काम हातात ठेवणारा टीम लीडर. दोनदा खोलीवरची भांडणं. कामाचा कंटाळा फक्त एकदा. फोनवर तो म्हणाला होता, "सगळंच असह्य झालंय." वहीत मात्र एकाच माणसाची एकच सवय सापडली. तेवढ्यासाठी राजीनामा द्यायच्या आधी विभाग बदलून मागता येतो, आणि त्याने तो लेखी मागितला.

दुसरा भाग हिशेबाचा. हातात पडणारा पगार चोवीस हजार. खोली आणि मेस अकरा हजार, शिक्षणकर्जाचा हप्ता साडेसहा हजार, घरी तीन हजार. उरले साडेतीन हजार. बँकेत शिल्लक चौदा हजार. पगार थांबला तर पुण्यात नुसतं राहायला आणि हप्ता भरायला महिन्याला साडेसतरा हजार हवेत. म्हणजे शिल्लक एक महिनाही पुरणार नव्हती. सोलापूरला परत आला तरी हप्ता चुकत नाही. हप्ता थकला की नाव खराब होतं आणि पुढचं कर्ज महाग पडतं किंवा मिळतच नाही. हप्ता आणि वरखर्च मिळून महिना साडेआठ हजार धरले, तर सहा महिन्यांना एक्कावन्न हजार लागतात. हा आकडा आम्ही वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला. खोलीत आणखी एक मित्र घेतला तर भाड्यात अडीच हजार वाचत होते. म्हणजे महिन्याला सहा हजार बाजूला. सहा-सात महिन्यांत आकडा गाठता येणार होता.

तिसरा भाग कागदांचा. नेमणूकपत्र नीट वाचणारी मुलं फार थोडी. त्यात नोटीस किती दिवसांची आहे, प्रोबेशनवर असताना ती कमी आहे का, नोटीस न देता गेल्यास किती दिवसांचा पगार कापणार, हे सारं लिहिलेलं असतं. काही ठिकाणी बाँडही असतो. 'बाँडबिंड काही नसतं, कोर्टात टिकत नाही,' असं मित्र बिनधास्त सांगतात. ते अर्धंच खरं आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमानुसार नोकरी सोडल्यावर दुसरीकडे पोट भरण्यावर बंदी घालणारी अट सहसा टिकत नाही. पण नोकरीत असतानाच्या काळासाठी घातलेली वाजवी अट टिकू शकते. विजया बँकेत २००७ साली रुजू झालेल्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षांच्या आत, २००९ मध्ये, दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला. अटीप्रमाणे त्याला दोन लाख रुपये भरावे लागले. त्याने दाद मागितली. उच्च न्यायालयात तो जिंकला, पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेची अट योग्य ठरवली. तेव्हा बाँडवर सही असेल तर मित्राचा नव्हे, वकिलाचा सल्ला घ्यावा.

भविष्यनिर्वाह निधीचंही तेच. नोकरी सुटली की ते पैसे काढून मोकळं व्हायची घाई असते. पाच वर्षं सलग नोकरी झालेली नसताना रक्कम काढली तर तिच्यावर कर लागू शकतो. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची नोकरी मोजली जाते, आणि पैसे काढून टाकले की ती मोजणी मागे पडते. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला एकच कायमचा यूएएन क्रमांक मिळतो. त्याच क्रमांकावर जुनं खातं नव्या नोकरीत वळवून घ्यावं. आणखी एक गोष्ट हमखास विसरते. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो. त्यात आईवडिलांची नावं असतील, तर त्यांची सोय आधी करावी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत दोन गोष्टी तरुणांच्या कामाच्या आहेत. राजीनामा दिलेल्या माणसाचं राहिलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे. आणि ठरावीक मुदतीच्या करारावर नोकरी असेल, तर ग्रॅच्युइटीसाठी आता पाच नव्हे, एक वर्ष पुरतं. असा करार असलेल्या मुलाने अकराव्या महिन्यात राग काढणं म्हणजे हातचं घालवणं.

चौथा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. इथे शिकण्यासारखं काय उरलंय? लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण घ्या. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, आणि त्यांनी नोकरी सोडली. स्वाभिमानाची गोष्ट म्हणून आपण ती इथवरच सांगतो. पण नोकरीत असतानाच ते मुंबईहून सायकली घेऊन बेळगावला भावाकडे, रामूअण्णांकडे, पाठवत होते आणि रामूअण्णा त्या विकत होते. मुंबई सोडली तेव्हा बेळगावात पाय टेकायला जागा तयार होती. यंत्रांची समज तर नोकरीतच पक्की झालेली. तरीही पुढची वाट सोपी नव्हती. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. सुरुवातीचे नांगर गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिले. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१० साली.

आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद घरचा व्यापार बाजूला ठेवून रेल्वेच्या कंत्राटांत शिरले. तेव्हा त्यांनी भागीदार निवडला तो लक्ष्मणराव फाटकांना, म्हणजे रेल्वेत कारकुनी केलेल्या माणसाला. नोकरी सुटते, पण तिथे शिकलेलं बरोबर येतं. म्हणून सोडण्याआधी स्वतःला विचारावं, की इथून काय घेऊन निघतोय? उत्तर 'काहीच नाही' असेल, तर आणखी चार महिने थांबून काहीतरी पदरात पाडून घ्यावं.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, हा माणूस पोरांना मुकाट सोसायला सांगतोय. तसं नाही. काही ठिकाणी एक दिवसही थांबू नये. पगार महिनोन्महिने थकतो, खोट्या कागदांवर सह्या करायला लावतात, अंगावर हात टाकतात, किंवा झोप उडून तब्येत ढासळते, तिथे वही आणि हिशेब नंतर. आमच्या शेजारच्या मुलीने तिसऱ्याच महिन्यात नोकरी सोडली, कारण तिला पहिला पगारही मिळालेला नव्हता. तिने बरोबरच केलं. तिच्या वडिलांनी आधी तोंड फिरवलं, मग स्वतः जाऊन सामान घेऊन आले. लैंगिक छळाच्या बाबतीत तर राजीनाम्याआधी तक्रारीचा हक्क आहे. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते.

आईवडिलांनाही एक विनंती. 'लोक काय म्हणतील' आणि 'आमच्या वेळी असं नव्हतं' ही दोन वाक्यं पहिल्या फोनवर बोलू नका. ती ऐकली की मूल पुढच्या वेळी विचारत नाही, परस्पर करून मोकळं होतं. माझ्या वडिलांनी विचारला तसा एखादा साधा प्रश्न विचारा. फक्त तो राजीनाम्याआधी विचारता यावा, इतकं मुलाने तुमच्याशी बोलत राहिलं पाहिजे.

आणि सोडायचंच ठरलं, तर पत्र चार ओळींचं, सभ्य असावं. त्यात तक्रारींचा पाढा नको. दिलेल्या नोटिशीचे दिवस पूर्ण करावेत, हातातलं काम समजावून द्यावं, अनुभवाचं प्रमाणपत्र आणि कार्यमुक्तीचं पत्र घेऊनच बाहेर पडावं. पुढची कंपनी हेच कागद मागते.

भाच्याचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. ऑक्टोबरमध्ये त्याला विभाग बदलून मिळाला. यंदा गड्ड्याच्या यात्रेला तो सोलापूरला आला, तेव्हा बँकेतली शिल्लक एक्कावन्न हजारांच्या वर गेली होती. मी विचारलं, "मग, आता देतोस राजीनामा?" हसला आणि म्हणाला, "मामा, आता कधीही देऊ शकतो. म्हणून घाई राहिली नाही." नवीन टीम लीडरने एकदा रात्री काम सांगितलं, तेव्हा 'सकाळी करतो' असं त्याने शांतपणे सांगितलं म्हणे. आणि ते चाललं.

बहिणीला मात्र जूनमधल्या त्या फोनचं आम्ही दोघांनी यात्रेनंतरच सांगितलं. तिने ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दादा, तुझ्या वेळी अशी वही द्यायला कुणीतरी हवं होतं." इतक्या वर्षांत त्या विषयावर ती बोललेलं हे पहिलंच वाक्य.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)