खीरदानाची खीर आणि वैशाखाचे ऊन

वैशाखी पौर्णिमेला विदर्भातल्या विहाराविहारांत खीर शिजते. सुजाताने सिद्धार्थ गौतमाला दिलेल्या खिरीची ती आठवण. नागपूर-वर्धा रस्त्यावरचे केळझर घ्या, नाहीतर सेलू तालुक्यातले दुसरे कोणतेही गाव घ्या, वस्तीत थोडाफार फरकाने हेच चित्र दिसते. घरोघरून वर्गणी, बिछायत केंद्रातून आणलेले मोठे गंज, पहाटेपासून चुलीपाशी बसलेल्या उपासिका. त्रिशरण-पंचशील होते, भाषणे होतात आणि मग खीर वाटायला सुरुवात होते. भाषणे लांबली की खीर थांबते. बाहेर पारा ४४-४५ अंशांवर असतो. दूध, तांदूळ, साखर आणि ही उष्णता एकत्र आली की जंतूंची चैन होते.

विषबाधा म्हटले की कोणीतरी अन्नात काही कालवले, असा संशय आधी येतो. गावात कुजबुज सुरू होते आणि आचाऱ्यावर किंवा वाढणाऱ्या बाईवर बोट ठेवले जाते. क्वचित तसे घडतेही. पण बहुतेक वेळा गुन्हेगार असतो तो वेळ. शिजवणे आणि खाणे यांच्यामधला वेळ.

तांदळावर एक जंतू बीजरूपाने असतो. उकळत्या पाण्यातही त्याचे बीज मरत नाही. भात किंवा खीर कोमट राहिली की बीज फुटते, जंतू वाढतात आणि विष तयार करतात. दुसरा जंतू माणसाच्या नाकात, घशात आणि हातावरच्या पिकलेल्या जखमेत असतो. विळीने बोट कापले, वर चिंधी बांधली आणि त्याच हाताने खीर ढवळली, तर तो गंजात उतरतो. या दोघांनीही तयार केलेले विष पुन्हा उकळल्याने जात नाही. "गरम करून घेऊ, काही होत नाही" हे आपल्या घरातले आवडते वाक्य इथे साफ खोटे पडते. खाल्ल्यावर तासाभरात ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

मटणाच्या गंजाची गोष्ट थोडी निराळी. मोठ्या भांड्यातला रस्सा वरून निवतो, पण तळाशी तासन्तास कोमट राहतो. तिथे वाढणारा जंतू रात्री जेवलेल्यांना पहाटे पोटात कळा आणि जुलाब देतो. अर्धवट शिजलेली कोंबडी आणि अंडी यांतून येणाऱ्या जंतूने तापही भरतो.

हिशेब करून पाहा. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान अन्न राहिले की जंतू वाढतात, आणि अनुकूल उबेत दर वीस मिनिटांनी ते दुप्पट होऊ शकतात. एका जंतूपासून सात तासांत वीस लाखांवर जंतू होतात. म्हणून शिजलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असे सांगतात, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. वैशाखात वर्ध्याला ३२ अंश तर सकाळीच ओलांडलेले असतात.

हे केवळ आपल्याच कार्यक्रमांत होते असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलडाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाणा येथे सप्ताहातील भगर-आमटी खाऊन शेकडो लोक आजारी पडले. रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा रस्त्यावर दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या गेल्या. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीला दोन हजारांच्या आसपास लोकांना अशीच बाधा झाली. भगरीला बुरशी लवकर लागते आणि तिचे विष शिजवूनही राहू शकते. म्हणून सुटे, जुने भगरीचे पीठ घेऊ नका, असे अन्न व औषध प्रशासन दरवर्षी बजावत असते. आपण उपवासाची भगर सोडली असली तरी मूठभर स्वस्त म्हणून घेतलेला जुना शेंगदाणा आणि ओलसर डाळ आपल्याही घरात असतेच.

कापसाच्या मुलखात आणखी एक धोका घरातच उभा असतो, तो फवारणीच्या रिकाम्या डब्यांचा. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या गंडामन गावी शाळेतले जेवण जेवून २३ मुले मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. असा डबा कितीही धुतला तरी त्यात तेल, पाणी, धान्य काहीही ठेवू नये. त्याला भोके पाडून निकामी करावे.

उरलेल्या अन्नाचा प्रश्न आपल्याकडे जास्त नाजूक आहे. ज्यांनी उपास काढले त्यांच्या हाताला अन्न फेकणे जमत नाही. सायंकाळी गंजात उरलेली खीर डब्यांत भरून घरोघर जाते आणि रात्री लेकरांना मिळते. पुढे उलट्या, दवाखाना आणि बुडालेली रोजी. याबाबत बुद्धचरित्रातलाच एक प्रसंग आठवावा. पावा येथील चुंद लोहाराने तथागतांना भोजनदान दिले. त्यातला सूकरमद्दव हा पदार्थ डुकराचे मांस होता की अळंबी, यावर पंडितांचा वाद आहे. तथागतांनी तो फक्त आपल्याला वाढायला आणि उरलेला खड्डा करून पुरायला सांगितले. त्या जेवणानंतर त्यांना रक्ताची हगवण लागली. तरीही कुसिनाराला जाताना त्यांनी आनंदाला बजावले की, चुंदाला पश्चात्ताप होऊ देऊ नका. बोधीपूर्वीचे भोजनदान आणि हे शेवटचे भोजनदान सारख्याच पुण्याचे आहे. दात्याला दोष न देता अन्न मात्र मातीत घालायचे, हे दोन्ही तिथे एकत्र आले आहे. भिक्खूंनी अन्न दुसऱ्या दिवसासाठी साठवू नये, हा विनयाचा नियमही याच जातीचा.

मग खीरदान करायचेच नाही का? करावे, पण घड्याळ लावून. भाषणे आधी आटोपावीत आणि खीर शेवटी शिजवावी. एकच मोठा गंज भरण्याऐवजी दोनदा शिजवावे. वाटप होईपर्यंत खाली निखारे धगधगते असावेत. कापलेला हात किंवा जुलाब असलेल्या बाईने वा पोराने त्या दिवशी सतरंजी अंथरावी, स्वयंपाकघरात येऊ नये. साबण आणि पाण्याची बादली चुलीजवळच हवी. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीची वाट धरणाऱ्यांनी शिदोरीत कोरडे तेच घ्यावे : भाकरी, लसणाची चटणी, चिवडा. वरण-भाताचा डबा दुपारी उघडेपर्यंत भरवशाचा राहत नाही.

कोणी आजारी पडलेच तर जुलाब थांबवण्याच्या गोळ्यांमागे धावू नये. आधी पाणी. दवाखान्यातली जलसंजीवनीची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात टाकावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना असेच पाणी पाजले आणि तिथले मृत्यू शंभरात तीसवरून चारच्याही खाली आले. घोट घोट पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजावे. अंगावरच्या बाळाचे दूध बंद करू नये.

रक्त पडणे, डोळे खोल जाणे, लघवी न होणे, लेकरू सुस्त पडणे, यापैकी काही दिसले तर घरी थांबू नये. १०८ ला फोन करून सेलूचे ग्रामीण रुग्णालय किंवा सेवाग्राम गाठावे. काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि आणखी कोण आजारी आहे, हे कागदावर लिहून न्यावे. खाल्लेल्या अन्नाची वाटीभर खीर झाकून बाजूला ठेवलेली असली, तर तपासणाऱ्याचे अर्धे काम होते.