उजेडाच्या लढाईची किंमत

घरातील दिव्याचे बटण दाबताना त्यामागे कधी काळी एखादे युद्ध झाले असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. 'द करंट वॉर' हा इंग्रजी चित्रपट त्याच युद्धाची कथा सांगतो. थॉमस अल्वा एडिसन आणि जॉर्ज वेस्टिंगहाउस हे दोन कर्तबगार संशोधक-उद्योजक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकमेकांसमोर उभे ठाकले आणि अमेरिकेतील घरांत कोणत्या प्रकारची वीज पोहोचणार, हे त्या झुंजीतून ठरले.

चित्रपटाचा स्वतःचा प्रवासही सरळ झाला नाही. अल्फोन्सो गोमेझ-रेहॉन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट 2017 मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा त्याचे स्वागत थंडच झाले. पाठोपाठ निर्मितीसंस्थेचा प्रमुख हार्वे वाइनस्टीन याच्यावर गंभीर आरोप झाले आणि प्रदर्शन लांबणीवर पडले. दिग्दर्शकाने मिळालेल्या अवधीत काही प्रसंग नव्याने चित्रित केले, लांबी कमी केली आणि 2019 मध्ये ही सुधारित आवृत्ती अमेरिकेतील चित्रपटगृहांत आली. एडिसनच्या भूमिकेत बेनेडिक्ट कंबरबॅच, वेस्टिंगहाउसच्या भूमिकेत मायकेल शॅनन आणि निकोला टेस्लाच्या भूमिकेत निकोलस हॉल्ट आहेत.

वाद समजून घ्यायचा तर थोडे विज्ञान जाणून घ्यावे लागते. एडिसनने 1879 मध्ये दीर्घकाळ टिकणारा दिवा सिद्ध केला आणि 4 सप्टेंबर 1882 रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट येथील केंद्रातून वीज पुरवण्यास प्रारंभ केला. ही वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे दिष्ट प्रवाहाची, सुमारे 110 व्होल्ट दाबाची होती. इतक्या कमी दाबाची वीज दूर न्यायची तर तांब्याच्या जाडजूड तारा लागतात आणि तरीही बरीचशी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाटेतच वाया जाते. त्यामुळे एका केंद्राचा पुरवठा जेमतेम दीड किलोमीटरच्या परिघात होई. श्रीमंत वस्तीला हे परवडे; विखुरलेल्या गावांना नव्हे.

प्रत्यावर्ती प्रवाहाने ही अडचण दूर केली. तो क्षणोक्षणी दिशा बदलतो, म्हणून रोहित्राच्या साहाय्याने त्याचा दाब वाढवता येतो आणि घराजवळ आणून पुन्हा उतरवता येतो. दाब दुप्पट केला की तीच शक्ती नेण्यास निम्मा प्रवाह पुरतो आणि तारेतील नुकसान चौथ्या हिश्शावर येते. विल्यम स्टॅन्लीने 1886 मध्ये ग्रेट बॅरिंग्टन या गावात हे प्रत्यक्ष करून दाखवले. पुढे 1888 मध्ये टेस्लाच्या प्रत्यावर्ती मोटारीचे स्वामित्वहक्क वेस्टिंगहाउसने मिळवले. आगगाडीच्या हवेच्या ब्रेकमुळे आधीच नावारूपास आलेल्या या उद्योजकाने आता विजेच्या क्षेत्रात पाय रोवले.

येथवरची कथा निकोप स्पर्धेची आहे. पुढचा भाग मात्र अस्वस्थ करणारा आहे.

प्रत्यावर्ती विजेचा उच्च दाब धोकादायक होता, हे खोटे नव्हते. त्या काळी उघड्या तारांनी कामगारांचे बळी घेतलेही होते. परंतु या वास्तव धोक्याचे रूपांतर प्रचाराच्या शस्त्रात झाले. हॅरॉल्ड ब्राउन नावाच्या अभियंत्याने 1888 च्या जुलैमध्ये कोलंबिया महाविद्यालयात प्रेक्षकांसमोर एका कुत्र्याला विजेचे झटके देऊन मारले. डिसेंबरमध्ये एडिसनच्या वेस्ट ऑरेंज येथील प्रयोगशाळेत वासरे आणि एक घोडा यांचा असाच जीव घेण्यात आला. प्रतिस्पर्ध्याची वीज जीवघेणी आहे, एवढे सिद्ध करण्यासाठी या मुक्या प्राण्यांचे प्राण गेले. चित्रपटातही घोड्याचा प्रसंग आहे. मुंगीलाही जपून पाऊल टाकावे, ही शिकवण ज्या घरांत बालपणापासून दिली जाते, तेथील प्रेक्षकांना तो पाहणे जड जाईल. लहान मुलांसह चित्रपट पाहणाऱ्या पालकांनी याची आधीच कल्पना ठेवावी.

प्राण्यांवर थांबलेली पावले पुढे माणसापर्यंत गेली. फाशीऐवजी विजेने देहदंड द्यावा, असा विचार न्यूयॉर्क राज्यात चालू होता. त्यासंबंधी 1887 मध्ये सल्ला विचारला गेला, तेव्हा एडिसनने प्रथम आपण देहदंडाच्याच विरुद्ध असल्याचे कळवले होते. पुन्हा विचारणा होताच त्याने वेस्टिंगहाउसची प्रत्यावर्ती यंत्रे या कामास सर्वांत योग्य असल्याचे सुचवले. एका पत्राकडून दुसऱ्या पत्राकडे जाताना तत्त्व मागे पडले आणि व्यवसाय पुढे आला. वेस्टिंगहाउस आपली यंत्रे या कामासाठी देण्यास तयार नव्हता. ती आडमार्गाने मिळवण्यात आली. 6 ऑगस्ट 1890 रोजी ऑबर्नच्या तुरुंगात विल्यम केमलर या खुनाच्या गुन्हेगाराला विद्युत-खुर्चीत बसवले गेले. पहिल्या झटक्यानंतर तो जिवंत असल्याचे आढळले आणि दुसऱ्यांदा वीज सोडावी लागली. वेदनारहित म्हणून गाजवलेली ही पद्धत पाहून उपस्थितांचा थरकाप उडाला.

तरीही चित्रपट एडिसनला खलनायक ठरवत नाही, हे त्याचे मोठेपण. पत्नी मेरीच्या अकाली निधनाने खचलेला, मुलांच्या वाट्याला न येणारा, आपल्या निर्मितीवर पराकोटीचे प्रेम करणारा हा माणूस हळूहळू त्या प्रेमाचाच कैदी कसा होतो, हे कंबरबॅच यांनी संयमाने दाखवले आहे. शॅनन यांचा वेस्टिंगहाउस शांत आहे, पण निष्कलंक नाही. टेस्लाला मात्र पटकथेत पुरेसा अवकाश मिळालेला नाही. प्रसंग भराभर बदलत असल्याने कथासूत्रही काही ठिकाणी हातून निसटते.

इतिहासापासूनही काही ठिकाणी फारकत घेतलेली आहे. वेस्टिंगहाउसचा सहकारी फ्रँकलिन पोप याचा विजेच्या धक्क्याने झालेला मृत्यू चित्रपटात लढाई ऐन भरात असताना येतो. प्रत्यक्षात तो 1895 मध्ये झाला. मुलांना चित्रपट दाखवल्यावर एखादे चरित्र हाती देणे म्हणूनच उचित ठरेल.

निर्णायक प्रसंग घडतो तो 1893 च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात. तेथील दीपयोजनेचे काम वेस्टिंगहाउसने कमी रकमेच्या निविदेवर मिळवले आणि 1 मे रोजी राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांच्या हस्ते प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. प्रत्यावर्ती विजेवरील लाखभर दिव्यांनी ती नगरी उजळली. आपल्या वाचकांना हे प्रदर्शन आणखी एका कारणाने परिचित आहे. त्याच निमित्ताने सप्टेंबरमध्ये भरलेल्या सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माचे प्रतिनिधित्व केले. ज्या उजेडाच्या मार्गावर मुक्या जिवांचा बळी गेला होता, तो उजेड शिकागोत झळकत असतानाच त्याच शहरात जीवदयेचा विचार सांगणारा प्रवक्ता उभा होता. चित्रपट या योगायोगाकडे वळत नाही. पण ज्याला तो ठाऊक आहे, त्याला शेवटची दृश्ये वेगळी भासतील.

विजय कोणाचा झाला? 1896 मध्ये नायगाऱ्याची वीज बफेलो शहरात पोहोचली आणि प्रत्यावर्ती प्रवाहाचे वर्चस्व सिद्ध झाले. त्याआधीच, 1892 मधील विलीनीकरणातून जनरल इलेक्ट्रिक कंपनी जन्मली आणि एडिसनचे नाव पाटीवरून गेले. वेस्टिंगहाउसच्याही हातून 1907 च्या आर्थिक संकटात कंपनीचे नियंत्रण निसटले. पुढे त्याला आणि टेस्लालाही विद्युत-क्षेत्रातील सन्मानाचे पदक मिळाले. त्या पदकाचे नाव होते एडिसन पदक! काळानेही आपला निवाडा बदलला. आज फार लांब अंतरावर वीज नेण्यासाठी उच्च दाबाचा दिष्ट प्रवाह पुन्हा वापरला जातो. चंद्रपूरहून मुंबईजवळील पडघ्याला येणारी सुमारे साडेसातशे किलोमीटरची वाहिनी याच पद्धतीची आहे.

म्हणजे ज्या पक्षाला कायमचे चुकीचे ठरवण्यासाठी एवढा आटापिटा झाला, तोही चुकीचा नव्हता आणि दुसराही नव्हता. दोन्ही प्रवाह आज एकमेकांना पूरक ठरून आपली घरे उजळवतात. त्या झुंजीत ज्यांचा जीव गेला, त्यांची भरपाई मात्र कोणत्याही शोधाने झालेली नाही.