१२१ पराभव आणि माझी काळी टोपी

काल पुण्याहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या डोक्यावरची व्हाइट सॉक्सची टोपी बघून म्हणाला, "मामा, हीच ना ती सारखी हरणारी टीम?"

हो रे बाबा, हीच!

शिकागोच्या आमच्या या बेसबॉल टीमने २०२४ मध्ये १६२ पैकी १२१ सामने घालवले. १९०० नंतरच्या मेजर लीगमधला हा नकोसा विक्रम. आधीचा होता न्यूयॉर्क मेट्सचा, १९६२ सालचा, १२० पराभवांचा. मधे तर आम्ही सलग २१ हरलो.

"मग लीगमधून हाकलत कसं नाहीत?"

तीच तर गंमत! इथे फुटबॉलसारखं खालच्या लीगमध्ये ढकलत नाहीत. उलट तळाच्या टीमला नवे खेळाडू निवडताना लॉटरीत वरचा नंबर लागण्याची जास्त संधी असते.

पण कुणी मुद्दाम हरू नये म्हणून मोठ्या बाजारपेठेतल्या टीमला सलग दोन वर्षं लॉटरीतला नंबर मिळत नाही. आदल्या वर्षी आम्हाला तो मिळालेला, त्यामुळे २०२५ मध्ये आमचा नंबर थेट दहावा. तेलही गेलं, तूपही गेलं!

टोपीवर घामाची पांढरी रेघ उमटलीये. २००५ च्या जगज्जेतेपदाच्या पुण्याईवर ती अजून डोक्यावर आहे.

बेसबॉलचं काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये बिनधास्त विचारा. फक्त "टीम बदल" म्हणू नका.