पृथ्वी फिरताना पकडायचीय? चला लॉस एंजेलिसला!

दिवस-रात्र का होतात, असं वर्गात विचारलं की सगळी बाकं एका सुरात ओरडतात, ‘पृथ्वी फिरते म्हणून!’ शाब्बास. पण ती फिरते हे तुम्हाला सांगितलं कुणी? पुस्तकाने! डोळ्यांना तर रोज सूर्यच वर येताना आणि खाली जाताना दिसतो. मग पृथ्वीला फिरताना प्रत्यक्ष पकडता येईल का?

येतं की! अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात, टेकडीवर ग्रिफिथ वेधशाळा आहे. 1935 साली ती सुरू झाली. आत शिरलं की समोरच एक गोल खड्डा आणि त्यात सुमारे 110 किलोचा धातूचा गोळा, 12 मीटर लांबीच्या तारेला टांगलेला. तो नुसता झुलत असतो, इकडून तिकडे, तिकडून इकडे. खाली गोलाकार खुंट्या उभ्या केलेल्या. मुलं कठड्याला लटकून बघत बसतात. बराच वेळ काहीच होत नाही. आणि मग, टक्! गोळ्याने एक खुंटी पाडली. थोड्या वेळाने तिच्या शेजारची.

गोळ्याला बाजूला तर कुणी ढकललं नाही. तो आपली झुलण्याची दिशा सोडायला तयार नसतो. मग खुंट्याच त्याच्या वाटेत आल्या ना? खुंट्या, खड्डा, वेधशाळा, कठड्याला लटकलेली मुलं, अख्खं लॉस एंजेलिस, सगळं त्याच्याखाली वळतंय!

ही युक्ती लिऑं फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाची. 1851 साली त्याने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये 67 मीटर लांब तारेचा लंबक टांगला आणि लोकांना बघायला बोलावलं. मला विचाराल तर विज्ञानात इतका साधा आणि इतका भारी प्रयोग दुसरा नाही.

यात एक गंमत आहे. उत्तर ध्रुवावर हा लंबक टांगला, तर त्याची दिशा जवळपास 24 तासांत पूर्ण गोल फिरलेली दिसेल. लॉस एंजेलिसला त्याला साधारण 42 तास लागतात. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतही असा लंबक आहे. आपण विषुववृत्ताच्या जास्त जवळ, म्हणून इथे तीन दिवसांहूनही थोडा जास्त वेळ लागतो. आणि विषुववृत्तावर? तिथे दिशा बदलतच नाही. म्हणजे लंबक बघून आपण ध्रुवापासून किती लांब आहोत तेही कळतं!

आता परत दिवस-रात्रीकडे वळू. सूर्याचा उजेड एका वेळी पृथ्वीच्या अर्ध्याच भागावर पडतो. पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तासाला 15 अंश. पुणं उजेडात येतं तेव्हा लॉस एंजेलिस अंधारात शिरत असतं. तिथे राहणारी मराठी मुलं हिवाळ्यात रात्री आठ वाजता आजीला फोन लावतात, तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. आजीचा चहा झालेला, नातवंडं झोपायच्या तयारीत!

एक घोटाळा मात्र करू नका. पृथ्वी सूर्याभोवतीही फिरते, पण त्याने दिवस-रात्र होत नाहीत. त्या फेरीला वर्ष लागतं. दिवस-रात्र होतात ते स्वतःभोवती फिरण्याने, म्हणजे परिवलनाने.

आता तुम्ही म्हणाल, पुणं तासाला सुमारे 1580 किलोमीटर वेगाने फिरतंय, तर आपल्याला गरगरत कसं नाही? कारण हा वेग एकसारखा आहे आणि हवा, झाडं, घरं सगळी आपल्याबरोबरच निघालेली आहेत. मग तारे सरकताना का दिसतात? आपला प्राचीन गणितज्ञ आर्यभट याने 499 साली ते छान सांगून ठेवलंय: पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे सरकताना दिसतात.

परिवलन रोजचं, मग रोज सूर्योदय व्हायलाच हवा? अलास्कातल्या उट्कियाग्विक गावच्या मुलांना विचारा! अमेरिकेच्या या उत्तर टोकाला नोव्हेंबरात सूर्य मावळतो, तो थेट जानेवारीतच उगवतो. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे ना, म्हणून.

तुम्हाला अमेरिकेला जायची गरज नाही. उद्या सकाळी खिडकीतून फरशीवर पडलेल्या उन्हाच्या कडेला खडूने रेघ मारा आणि दहा मिनिटांनी परत बघा. ऊन रेघ सोडून सरकलेलं असेल. आई फरशी पुसायच्या आत बघा, एवढंच!