घरातला स्टुडिओ, खाडीच्या काठी

ए. आर. रेहमान यांनी १९८९ मध्ये चेन्नईत राहत्या घराच्या आवारात स्टुडिओ उभारला. १९९२ च्या ‘रोजा’ चित्रपटाचं संगीत तिथेच घडलं. धरमतर खाडीकाठच्या वादकाला असं काही करायचं तर पहिली अडचण बाहेरच्या आवाजाची. वडखळ-अलिबाग मार्गावरचे ट्रक आणि खाडीतले बार्ज यांची घरघर भिंतीला फोम चिकटवून थांबत नाही. फोम फक्त खोलीतला घुमारा कमी करतो. बाहेरचा आवाज अडवायला जाड, वजनदार भिंत आणि फट नसलेलं दार लागतं. तेवढं जमेपर्यंत आतली खोली निवडावी आणि गाणं रात्री घ्यावं.

दुसरी अडचण दमट हवेची. कंडेन्सर माइकच्या पातळ पडद्याला ओल धरली की ध्वनिमुद्रणात चरचर येते. काम संपलं की माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा. ढोलकीला मात्र साधा डायनॅमिक माइकही पुरतो.

साठवणीचा हिशेब असा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचं स्टिरिओ ध्वनिमुद्रण मिनिटाला सुमारे १७ एमबी जागा घेतं. आता टिपायचं काय? या भागात सगळ्यांत आधी टिपायला हवेत ते आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या धवलारिणींचे आवाज. ही गाणी पाठांतरावर चालत आली आहेत. धवलारिणींना मुंबईच्या स्टुडिओत नेण्यापेक्षा माइकच त्यांच्या ओटीवर न्यावा, हे उत्तम.