जुनी मोटार आणि वाळवंटाची वाट

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील मरी ते बर्ड्‌सव्हिल हा सुमारे ५१७ किलोमीटरांचा मार्ग वाळवंटी प्रदेशातून जातो. चारही चाकांना गती मिळणारी जुनी मोटार तेथे नेणाऱ्याने इंजिनाआधी रबर तपासावे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रेडिएटरच्या नळ्या व पंख्याचा पट्टा कडक होऊन तडकतात. नळी फुटली की पाणी वाहून जाते आणि भक्कम इंजिनही तापून निकामी होते. म्हणून ही दोन्ही नवी बसवावीत व एकेक जादा जवळ ठेवावे. पिण्याचे पाणी मात्र निराळे राखावे. १९६३ च्या डिसेंबरात याच भागात पेट्रोल संपून अडकलेल्या कुटुंबातील पाचही जण मोटार सोडून निघाले आणि तहानेने मरण पावले. मोटार बंद पडली तरी तिची सावली सोडू नये. शोधणाऱ्यांना माणसाआधी तीच दिसते.