पीळदार देहाचा करारनामा

दिव्यांच्या झोतात दंड फुगवून उभा राहिलेला शरीरसौष्ठवपटू पाहिला, की मनात प्रश्न येतो : याचे घर कशावर चालत असेल? बक्षीस वर्षातून एखादे, तेही पहिल्या दोन-चार जणांना. खुराकाचा खर्च मात्र रोजचा. मग उरतो तो प्रायोजक.

या धंद्याची घडी अमेरिकेत जो वायडर यांनी बसवली. १९४६ मध्ये त्यांनी बंधू बेन यांच्यासह आंतरराष्ट्रीय महासंघ काढला आणि १९६५ मध्ये ‘मिस्टर ऑलिंपिया’ स्पर्धा सुरू केली. व्यायामाची वजने आणि प्रथिनांची भुकटी विकणारी कंपनी त्यांची, तिच्या जाहिराती छापणारी मासिकेही त्यांचीच. १९६८ मध्ये त्यांनी अर्नोल्ड श्वार्झनेगर या ऑस्ट्रियन तरुणाला अमेरिकेत आणले. दर आठवड्याला ठरावीक रक्कम द्यायची आणि त्याची छायाचित्रे, त्याच्या नावाचे लेख मासिकांत छापायचे, असा तो व्यवहार. अर्नोल्डचे त्यात भलेच झाले. पण स्पर्धा, प्रसिद्धी आणि दुकान एकाच घरात असल्यावर इतरांनी घासाघीस करायची कुणाशी?

या मक्तेदारीला १९९० मध्ये आव्हान मिळाले. दूरचित्रवाणीवरच्या कुस्तीतून गबर झालेले विन्स मॅकमॅहन यांनी वेगळा महासंघ जाहीर केला आणि १३ जणांना चक्क पगारी करार दिले. क्रमांक येवो न येवो, पैसे ठरलेले! जून १९९१ मध्ये अटलांटिक सिटीत पहिली स्पर्धा झाली. गॅरी स्ट्रायडम जिंकला. त्याच महिन्यात, कुस्तीगिरांना स्टेरॉइड पुरवणारा एक डॉक्टर न्यायालयात दोषी ठरला. गवगवा वाढला, तशी मॅकमॅहन यांनी आपल्या पटूंची तपासणी सुरू केली. १९९२ च्या स्पर्धेत अनेकांची अंगे उतरलेली दिसली. पैसे मोजून पाहणारा प्रेक्षकही फिरकला नाही. जुलैत महासंघाने गाशा गुंडाळला. ज्यांना पुढे खेळायचे होते, त्यांना पुन्हा वायडर यांचेच दार ठोठवावे लागले.

यातून पटू एक गोष्ट शिकले : दुसऱ्याच्या डब्यावर चित्र होण्यापेक्षा डबाच आपला असावा. पोलिसाची नोकरी सांभाळत १९९८ मध्ये ऑलिंपिया जिंकणारा आणि ती सलग आठ वर्षे राखणारा रॉनी कोलमन यानेही निवृत्तीनंतर, २०११ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली. मात्र तोवर अवजड वजनांनी पाठीचा कणा झिजला होता. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या आणि चालायला कुबड्या आल्या.

आज असले डबे आपल्या गल्लीतल्या व्यायामशाळेतही येतात. घरातला मुलगा ते चित्र पाहून भुकटी मागेल, तेव्हा त्याला हेही सांगावे : चित्रातला माणूस त्या डब्याने घडलेला नाही, तो डबा विकण्यासाठी नेमलेला आहे. आणि करार कितीही मोठा असला, तरी त्याने झिजलेला मणका परत मिळत नाही.